सिंधूचे पाणी : हक्क आणि कर्तृत्व

(एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे २६ निरपराध माणसांची हत्या झाली. त्यांत आपल्या महाराष्ट्रातील सहा जण होते. दुसऱ्याच दिवशी केंद्रीय मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने १९६० चा सिंधू जल करार स्थगित ठेवण्याचा निर्णय घेतला. १९६५, १९७१ आणि १९९९ अशा तीन युद्धांतही ज्या कराराला भारताने हात लावला नव्हता, त्याला प्रथमच हात लागला. हा निर्णय योग्य होता की नाही, हा प्रश्न या सभागृहात कुणाच्या मनात असेल असे मला वाटत नाही. एका हाताने दहशतवाद पोसायचा आणि दुसऱ्या हाताने कराराचे कलम दाखवायचे, हा व्यवहार अनंत काळ चालू शकत नव्हता. म्हणून त्या प्रश्नावर मी आपला वेळ घेणार नाही.

मला आज पुढचा प्रश्न विचारायचा आहे. करार थांबला, पण पाणी थांबले का? आणि थांबले नसेल, तर ते थांबवण्याचे सामर्थ्य आपण कधी आणि कसे निर्माण करणार? हा प्रश्न गैरसोयीचा आहे, कारण त्याचे उत्तर शोधू लागलो की बोट केवळ इस्लामाबादकडे दाखवून भागत नाही. ते चंडीगडकडे, जम्मूकडे, दिल्लीकडे आणि थोडेसे मुंबईकडेही वळते.

फाळणीने तोडलेले खोरे

सिंधू ही आपल्यासाठी भूगोलाच्या पुस्तकातली नुसती रेघ नाही. या देशाला आणि या समाजाला नाव मिळाले ते याच नदीवरून. ऋग्वेदाच्या नदीसूक्तात गंगा-यमुनेबरोबर शुतुद्री, परुष्णी, असिक्नी आणि वितस्ता यांची नावे येतात. आजच्या भाषेत त्या सतलज, रावी, चिनाब आणि झेलम. विपाशा आणि शुतुद्री यांच्याशी विश्वामित्राने केलेला संवाद ऋग्वेदाच्याच तिसऱ्या मंडलात आहे. दक्षिणेतला माणूस स्नान करताना गंगा, गोदावरी आणि कावेरी यांच्याबरोबर सिंधूचेही स्मरण करतो. हे खोरे एक आहे, ही जाणीव आपल्या परंपरेला हजारो वर्षांपासून आहे.

१९४७ च्या रेषेने हे खोरे तोडले. इंग्रजांच्या काळात पंजाबात जगातील एक मोठे कालव्यांचे जाळे उभे राहिले होते. रेषा ओढली गेली तेव्हा रावीवरील माधोपूरचे आणि सतलजवरील फिरोजपूरचे बंधारे भारतात आले आणि त्यांवर अवलंबून असलेले कित्येक कालवे पाकिस्तानात गेले. नळाची तोटी एका घरात आणि नळाचे पाणी दुसऱ्या घरात, अशी ती वाटणी होती. जैसे थे ठेवण्याच्या कराराची मुदत ३१ मार्च १९४८ रोजी संपली आणि १ एप्रिलला पूर्व पंजाबने पाणी बंद केले. ४ मे १९४८ रोजी दिल्लीत तात्पुरता समझोता झाला आणि पाणी पुन्हा सुरू झाले. पुढे अमेरिकेच्या टेनेसी खोरे प्राधिकरणाचे माजी प्रमुख डेव्हिड लिलिएन्थाल १९५१ मध्ये दोन्ही देशांत येऊन गेले. संपूर्ण खोऱ्याचा एकत्रित विकास करावा, अशी त्यांची सूचना होती. जागतिक बँकेने मध्यस्थी केली आणि वाटाघाटी जवळजवळ नऊ वर्षे चालल्या. शेवटी निघालेले उत्तर मात्र एकत्रित विकासाचे नव्हते. ते नद्या वाटून घेण्याचे होते.

१९ सप्टेंबर १९६० रोजी कराचीत पंडित नेहरू आणि फील्ड मार्शल अयुब खान यांनी करारावर सह्या केल्या. रावी, बियास आणि सतलज या पूर्वेकडील तीन नद्या भारताला मिळाल्या. सिंधू, झेलम आणि चिनाब या पश्चिमेकडील तीन पाकिस्तानला गेल्या. पूर्वेकडील नद्यांचे सरासरी वार्षिक पाणी सुमारे ३३ दशलक्ष एकर-फूट, तर पश्चिमेकडील नद्यांचे सुमारे १३५. शिवाय पाकिस्तानला पर्यायी कालवे बांधता यावेत म्हणून भारताने ६ कोटी २० लाख पौंडांहून अधिक, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ८३ कोटी रुपये, दहा वार्षिक हप्त्यांत दिले. पाणीही दिले आणि दक्षिणाही दिली. ३० नोव्हेंबर १९६० रोजी लोकसभेत यावर चर्चा झाली, तेव्हा टीका करणाऱ्यांत तरुण अटलबिहारी वाजपेयी होते आणि अन्य पक्षांचे सदस्यही होते.

तरीही न्यायबुद्धीने एक गोष्ट सांगितली पाहिजे. भाक्रा उभे राहत होते, राजस्थान कालव्याची पायाभरणी १९५८ मध्ये झाली होती आणि त्यांना लागणारे पूर्वेकडील नद्यांचे पाणी निर्वेध हवे होते. ते मिळाले. आज हरिके येथून निघालेले पाणी सुमारे ६५० किलोमीटरचा प्रवास करून जैसलमेरच्या वाळवंटात पोहोचते, हे त्या हक्काचेच फळ आहे. जिथे हक्काबरोबर काम झाले, तिथे पाणी पोहोचले. जिथे काम झाले नाही, तिथे काय झाले ते आता पाहू.

दीड कोयनेचा हिशेब

करारात भारताला पश्चिमेकडील नद्यांवर काहीच अधिकार नव्हता, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. तो खरा नाही. काश्मीर आणि जम्मूतील ठरावीक क्षेत्राला सिंचन, वाहत्या पाण्यावर वीजनिर्मिती आणि ३.६ दशलक्ष एकर-फूट साठवण, एवढे अधिकार करारानेच दिले होते. या साठवणीचीही वाटणी ठरलेली होती. १.२५ सर्वसाधारण उपयोगासाठी, १.६० विजेसाठी आणि ०.७५ पूरनियंत्रणासाठी. आपल्या हिशेबात सांगायचे तर ३.६ दशलक्ष एकर-फूट म्हणजे सुमारे १५७ टीएमसी. आपल्या कोयना धरणाची क्षमता सुमारे १०५ टीएमसी आहे. म्हणजे सगळे मिळून दीड कोयना! पश्चिमेकडील नद्यांच्या एकूण पाण्याच्या हे तीन टक्केही नाही.

हा वाटा तुटपुंजा होता, यात शंका नाही. पण बंधू-भगिनींनो, एवढी दीड कोयना तरी आपण साठ वर्षांत बांधली का? नाही. चिनाबच्या मरुसुदर या उपनदीवरील पाकल दुल या साठवण प्रकल्पाची कोनशिला बसली ती मे २०१८ मध्ये. काश्मीर खोऱ्यातील वुलर सरोवराच्या तोंडाशी तुलबुल येथील बंधाऱ्याचे काम १९८४ मध्ये सुरू झाले आणि पाकिस्तानने हरकत घेताच १९८७ मध्ये थांबले. सलालच्या बाबतीत तर अधिक वेदनादायक गोष्ट घडली. १४ एप्रिल १९७८ रोजी झालेल्या समझोत्यात धरणाच्या तळाजवळची, गाळ बाहेर काढणारी दारे कायमची बंद करण्याचे आपण मान्य केले. त्या समझोत्यावर परराष्ट्रमंत्री या नात्याने सही अटलजींची होती. शेजाऱ्याशी संबंध सुधारावेत, हा त्यामागचा सद्हेतू होता. पण हिमालयातली नदी सद्हेतू ओळखत नाही. ती गाळ आणते. जलाशय गाळाने भरत गेला. आपल्याच माणसांचा निर्णय होता म्हणून त्याची किंमत झाकून ठेवण्याचे कारण नाही.

पुढे आपण शहाणे झालो. ९०० मेगावॅटच्या बगलिहार प्रकल्पावर पाकिस्तानने हरकत घेतली, तेव्हा तटस्थ तज्ज्ञ म्हणून नेमलेले स्विस अभियंते रेमंड लाफित यांनी १२ फेब्रुवारी २००७ रोजी निर्णय दिला. किरकोळ बदल सुचवून त्यांनी दारे असलेल्या सांडव्याची भारताची रचना मान्य केली. गाळाचे व्यवस्थापन आधुनिक तंत्राने झालेच पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. ३३० मेगावॅटच्या किशनगंगा प्रकल्पाला लवादाने २०१३ मध्ये मान्यता दिली. मात्र नदीत सेकंदाला किमान ९ घनमीटर पाणी सोडण्याची अट घातली आणि जलाशयाची पातळी फार खाली आणून गाळ धुण्यावर भविष्यातील प्रकल्पांसाठी बंधन टाकले. पाकिस्तानला पाणी कमी पडत होते म्हणून हे वाद झाले नाहीत. जम्मू-काश्मीरला स्वतःच्या नदीवर वीज मिळू नये, यासाठी कराराचे प्रत्येक कलम अडसरासारखे वापरले गेले. म्हणूनच भारताने जानेवारी २०२३ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०२४ मध्ये करारात बदल करण्याची रीतसर सूचना दिली होती. पहलगामनंतरचा निर्णय आकाशातून पडलेला नाही.

स्थगितीमुळे आपल्याला नेमके काय मिळाले? मिळाली ती मोकळीक. गाळ केव्हा धुवायचा, हे आता आपण ठरवू शकतो. मे २०२५ च्या आरंभी बगलिहार आणि सलाल येथे गाळ धुतल्याची वृत्ते आली. नवीन प्रकल्पाची सहा महिने आधी सूचना देण्याचे बंधन आपण पाळत नाही. अनेक दशके कागदावर राहिलेल्या १८५६ मेगावॅटच्या सावलकोट प्रकल्पाची निविदा जुलै २०२५ मध्ये निघाली. पण पाणी अडवायला धरण लागते आणि वळवायला बोगदे लागतात. चिनाबचे पाणी रावी-बियासच्या खोऱ्यात आणायचे तर मध्ये डोंगररांगा आहेत आणि सारा प्रदेश भूकंपप्रवण आहे. झेलम सखल, दाट वस्तीच्या खोऱ्यातून वाहते. तिथे मोठे धरण म्हणजे आपलीच गावे आणि आपलीच भातशेती बुडवणे. सिंधू लडाखमधून खोल घळीतून जाते. दूरचित्रवाणीवर कुणी एका रात्रीत पाकिस्तानला तहानेने तडफडवण्याची भाषा करीत असेल, तर त्याने एकदा चिनाबच्या काठाने प्रवास करावा, एवढेच मी म्हणेन.

आपल्या वाट्याचे पाणी कुणी अडवले?

आता मी आपल्याला रावीच्या काठी नेतो. रावी पूर्णपणे भारताच्या वाट्याची नदी. तिच्यासाठी पाकिस्तानला विचारण्याचा प्रश्नच नव्हता. रणजित सागर धरणाच्या खाली आणि माधोपूरच्या वर शाहपूर कंडी येथे धरण बांधण्याचा करार पंजाब आणि जम्मू-काश्मीर यांच्यात १९७९ मध्ये झाला. कोनशिला बसली १९९५ मध्ये, पंतप्रधान नरसिंह राव यांच्या हस्ते. राष्ट्रीय प्रकल्प म्हणून घोषणा झाली २००८ मध्ये. २०१४ मध्ये दोन राज्यांच्या वादात काम थांबले. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्राने दोघांना एकत्र बसवून नवा करार घडवला आणि धरण पूर्ण झाले २०२४ मध्ये. जम्मूच्या कठुआ आणि सांबा भागांतील ३२ हजारांहून अधिक हेक्टरना पाणी देणारा हा प्रकल्प. पंचेचाळीस वर्षे! या पंचेचाळीस वर्षांत माधोपूरच्या खाली आपल्या हक्काचे पाणी पाकिस्तानात वाहून जात राहिले. ते पाकिस्तानने पळवले नाही. आपण ते सोडून दिले.

दुसरे उदाहरण सतलज-यमुना जोड कालव्याचे. लांबी २१४ किलोमीटर. त्यातील १२२ पंजाबात आणि ९२ हरियाणात. ८ एप्रिल १९८२ रोजी इंदिरा गांधींनी कपुरी येथे काम सुरू केले. १९९० मध्ये दहशतवाद्यांनी प्रकल्पाच्या मुख्य अभियंत्यासह दोन अभियंत्यांची हत्या केली आणि पंजाबातील काम बंद पडले. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कालवा पूर्ण करण्याचा आदेश दिला. २००४ मध्ये पंजाब विधानसभेने पाणीवाटपाचे सारे जुने करार रद्द करणारा कायदा केला. तो घटनेला धरून नाही, असे मत न्यायालयाने २०१६ मध्ये दिले. कालवा मात्र अपुराच राहिला.

तिसरे उदाहरण मन विषण्ण करणारे आहे. एप्रिल २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे देश पहलगामच्या धक्क्यातून सावरत नसताना, हरियाणाला जादा पाणी सोडण्यावरून भाक्रा-बियास व्यवस्थापन मंडळात वाद पेटला. मंडळाने ८५०० क्युसेक सोडण्याचे ठरवले. पंजाब ४००० वर अडून बसला आणि नांगल धरणावर पंजाबचे पोलीस उभे राहिले. शत्रूचे पाणी अडवण्याचा निर्णय आणि भावाचे पाणी अडवण्याचा बंदोबस्त, दोन्ही एकाच पंधरवड्यातले!

पंजाबची बाजू अगदीच पोकळ आहे, असे मी म्हणत नाही. त्या राज्याचे भूजल धोक्याच्या पातळीखाली गेले आहे. दर वर्षी जेवढे मुरते त्याच्या दीडपटीहून अधिक उपसले जाते. मिळेल ते पाणी त्याला कमीच वाटणार. पण हा उपसा का वाढला? देशाच्या कोठारासाठी भात लावायला आपणच सांगितले. आधारभूत किमतीने खरेदीची हमी दिली आणि १९९७ पासून शेतीपंपांना वीज फुकट केली. भात हे पंजाबच्या ताटातले पारंपरिक अन्नही नाही. धान्याचे धोरण एका मंत्रालयात, विजेचे दुसऱ्यात, पाण्याचे तिसऱ्यात. तिघांनी आपापले काम चोख केले आणि तिघांनी मिळून जमीन कोरडी केली. २००९ मध्ये पंजाबने मुदतीपूर्वी भात लावण्यास बंदी करणारा कायदा केला, हे पाऊल चांगले होते. पण एका कायद्याने हा गुंता सुटणारा नव्हता.

पाकिस्तानची अवस्था यापेक्षा बरी आहे असे नाही. १९९१ मध्ये तिथल्या प्रांतांत पाणीवाटपाचा समझोता झाला, तरी सिंध आणि पंजाब यांतील संशय मिटला नाही. कालाबाग धरण त्याच संशयापोटी दशकानुदशके रखडले. एप्रिल २०२५ मध्ये चोलिस्तानच्या नव्या कालव्यांविरुद्ध सिंध प्रांत रस्त्यावर उतरला आणि सरकारला ती योजना बाजूला ठेवावी लागली. शेजाऱ्याच्या घरातले भांडण पाहून समाधान मानणे सोपे आहे. आपल्या घरात तेच चालले असेल, तर त्या समाधानाला अर्थ उरत नाही.

एक धरण, चार मालक

धरणाच्या पाण्यावर किती जणांचा डोळा असतो, याचा विचार आपण क्वचित करतो. वीज मंडळाला पाणी उंचावर साठवून मागणीच्या वेळी सोडायचे असते. शेतकऱ्याला ते पेरणीच्या वेळी हवे असते. शहराला बारा महिने हवे असते. आणि पुराच्या काठावर राहणाऱ्या माणसाला जुलै-ऑगस्टमध्ये धरणात मोकळी जागा हवी असते. चौघांच्या मागण्या न्याय्य आहेत आणि एकमेकींच्या विरुद्धही आहेत. त्यांच्यात निवाडा करणारे कुणी नसेल, तर जो बलवान तो जिंकतो आणि जो काठावर राहतो तो बुडतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये पंजाबने १९८८ नंतरचा सर्वांत भीषण पूर पाहिला. माधोपूरच्या बंधाऱ्याचे दरवाजे त्या पुरात वाहून गेले. हे तेच माधोपूर, जे १९४८ मध्ये भारताच्या हातातले सर्वांत मोठे अस्त्र मानले जात होते! त्याच काळात तावीच्या पुराचा इशारा भारताने माणुसकीच्या नात्याने उच्चायुक्तालयामार्फत पाकिस्तानला कळवला. करार स्थगित असतानाही आपण धर्म सोडला नाही, याचा मला अभिमान वाटतो. पण ज्या दरवाजांवर आपली सारी जलनीती उभी आहे, ते दरवाजेच पुरात टिकत नसतील, तर देखभालीच्या खात्याला राष्ट्ररक्षणाचे खाते समजण्याची वेळ आली आहे.

सतलज आणि बियासवरील भाक्रा आणि पोंग ही धरणे भाक्रा-बियास मंडळ चालवते. रावीवरील रणजित सागर पंजाब चालवतो. भूजल कुणीच चालवत नाही. खोरे एक, पण त्याचा हिशेब एका वहीत नाही.

हे ज्याने फार आधी ओळखले त्या महापुरुषाचे नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याबरोबर पाटबंधारे आणि वीज हे विषय त्यांच्याकडे होते. नदीचे खोरे हे एकक मानून सिंचन, वीज, जलवाहतूक आणि पूरनियंत्रण यांचा एकत्र विचार करावा, ही दृष्टी त्यांनी त्या काळात रुजवली. दामोदर खोरे योजनेची आखणी त्यातूनच झाली. पुढे १९५६ मध्ये संसदेने दोन कायदे केले. एक आंतरराज्य पाणीतंट्यांचा आणि दुसरा नदी मंडळांचा. पहिल्या कायद्याखाली लवादामागून लवाद नेमले गेले. दुसऱ्या कायद्याखाली आजतागायत एकही नदी मंडळ स्थापन झालेले नाही. भांडण सोडवण्याची यंत्रणा आपण वापरली. भांडण होऊ नये म्हणून केलेली यंत्रणा कपाटात ठेवली. आपल्याच मातीतले डॉ. माधवराव चितळे, ज्यांना १९९३ मध्ये स्टॉकहोम जल पुरस्कार मिळाला, तेही खोरेनिहाय नियोजनाचा आग्रह धरत आले आहेत.

कृष्णेचा धडा

हे सारे दूरच्या पंजाबचे आहे, असे आपण समजू नये. कृष्णा लवादाने, म्हणजे बच्छावत लवादाने, महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्राला ८०० टीएमसी पाणी दिले. निवाड्याचा ३१ मे २००० नंतर फेरविचार होऊ शकत होता. त्या मुदतीपूर्वी पाणी अडवले नाही तर हक्क जाईल, या धास्तीने आपण १९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ काढले आणि धावपळ सुरू केली. निवाडा झाला तेव्हापासूनच्या वीस वर्षांत ही घाई कुठे होती? भिंती उभ्या राहिल्या आणि कालवे मागे राहिले. धरणाच्या पायथ्याचा शेतकरी कोरडाच राहिल्याची उदाहरणे आपल्याला ठाऊक आहेत.

कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पश्चिमेला वळवून वीज होते. लवादाने त्यासाठी ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. वीज हवी की सांगली-सोलापूरच्या दुष्काळी तालुक्यांना पाणी हवे, हा प्रश्न दर उन्हाळ्यात डोके वर काढतो. आणि पावसाळ्यात प्रश्न उलटतो. २००५ आणि २०१९ च्या महापुरांत सांगली-कोल्हापूर पाण्याखाली होते, तेव्हा अलमट्टीतून किती विसर्ग होतो याची विचारणा एक राज्य दुसऱ्या राज्याला करीत होते. एकाच देशातल्या, एकाच नदीवरच्या दोन धरणांत रोजचा समन्वय राखायला मंत्र्यांना फोन करावे लागत असतील, तर सिंधूच्या खोऱ्यात आपण कोणत्या शिस्तीने काम करणार?

वरचा आणि खालचा

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. सिंधूच्या बाबतीत आपण वरच्या अंगाला आहोत. ब्रह्मपुत्रेच्या बाबतीत खालच्या. सिंधू आणि सतलज यांचाही उगम तिबेटात आहे. चीनशी आपला पाणीवाटपाचा करार नाही. पुराची आकडेवारी देण्याचे तेवढे समझोते २००२ पासून झाले होते. २०१७ मध्ये डोकलामच्या तणावाच्या वेळी ती आकडेवारीही आली नाही. जुलै २०२५ मध्ये चीनने यारलुंग त्सांगपोच्या मोठ्या वळणावर सुमारे ६० हजार मेगावॅटच्या महाकाय प्रकल्पाचे काम सुरू झाल्याचे जाहीर केले. पूर्वेला बांगलादेशाशी १२ डिसेंबर १९९६ रोजी झालेला गंगाजल करार तीस वर्षांचा. त्याची मुदत डिसेंबर २०२६ पर्यंतची.

म्हणून आपली भूमिका नेमक्या शब्दांत मांडली पाहिजे. वरचा देश मनाला येईल तसे वागू शकतो, असे आपण म्हणालो तर उद्या तेच वाक्य बीजिंग आपल्याला ऐकवील. आपले म्हणणे वेगळे आहे. करार विश्वासावर उभा असतो. ज्याने तो विश्वास बंदुकीने मोडला, त्याला कराराचे लाभ मागण्याचा अधिकार नाही. ही भूमिका न्यायाची आहे आणि ती जगाला समजावून सांगता येते.

आता काय करावे?

शेवटी थोडे करण्यासारखे सांगतो. पहिले म्हणजे रावी, बियास आणि सतलज यांच्या आपल्या वाट्याच्या पाण्याचा थेंब न् थेंब वापरण्याची कामे ठरल्या मुदतीत पूर्ण व्हावीत. उझ नदीवरील प्रकल्प आणि दुसरा रावी-बियास जोड यांची शाहपूर कंडी होऊ देऊ नये. दुसरे, चिनाबवरील साठवणीचे आणि वीजप्रकल्पांचे लाभ आधी किश्तवाड, डोडा आणि रामबनच्या माणसाला मिळावेत. ज्याचा डोंगर पोखरला जातो त्याच्या घरात दिवा नसेल, तर तो प्रकल्प राष्ट्राचा होत नाही. तिसरे, १९५६ च्या नदी मंडळ कायद्याला जिवंत करून सिंधू खोऱ्याच्या भारतीय भागासाठी एक मंडळ व्हावे. त्यात पाणी, वीज, शेती आणि पूर ही चारही खाती एका टेबलाशी बसावीत. चौथे, पंजाबच्या शेतकऱ्याला भाताऐवजी अन्य पिकांची तितकीच खात्रीची खरेदी मिळावी. तसे झाले तर वाचलेले पाणी हरियाणाला द्यायला पोलीस आड येणार नाहीत.

१७५८ मध्ये मराठी फौजा सिंधूकाठच्या अटकेपर्यंत पोहोचल्या. ‘अटकेपार झेंडे’ हा शब्दप्रयोग आपण तेव्हापासून अभिमानाने मिरवतो. पण पुढच्याच वर्षी अब्दाली पुन्हा उतरला आणि पंजाबातली आपली ठाणी उठली. झेंडा पोहोचला होता. ठाण्यामागे जी रसद, जी वसूल-व्यवस्था आणि सरदारांची जी एकजूट लागते ती पोहोचली नव्हती.

२३ एप्रिल २०२५ ला आपण पुन्हा सिंधूकाठी झेंडा रोवला आहे. या वेळी ठाणे बसवायचे आहे. ते भाषणांनी बसणार नाही. अभियंते, मजूर, एकमेकांना पाणी द्यायला तयार असलेली राज्ये आणि वीस वर्षे चिकाटीने चालणारी कामे यांनीच ते बसेल. शासनाला याची आठवण करून देत राहणे, हे आपल्यासारख्या नागरिकांचे कर्तव्य आहे. ते आपण करू, एवढे बोलून मी आपली रजा घेतो.

भारत माता की जय!